फाटक धरणारा माणूस

विंटरडीन गावात लायनेल टॅपसेलला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण गावातल्या निम्म्या तोंडांत त्यानं कधी ना कधी हात घातला होता. उभा जन्म दातांचा दवाखाना चालवला. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून तो मंगळवारच्या सायकल मंडळात शिरला, आणि तिथंही त्याच्या वाट्याला उघड-मिटीचंच काम आलं. पूर्वी लोकांची तोंडं उघडायचा, आता फाटकं लावायचा.

गावाभोवतीच्या खडूच्या टेकड्यांवरून जुन्या घोडवाटा जातात. घोडवाटेवरून घोड्यानं जावं, पायी माणसानं जावं, सायकलवाल्यानंही जावं. फक्त सायकलवाल्यानं पहिल्या दोघांना वाट द्यावी असा कायदा आहे. आणि दोन्ही अंगांना मेंढ्या चरत असल्यामुळं दर थोड्या अंतरावर एक फाटक. पुढच्यानं उघडायचं, शेवटच्यानं लावायचं ही मंडळाची रीत. लायनेल कायम शेवटी. तो फाटक लावून कडी नीट बसली की नाही हे हलवून बघेपर्यंत बाकीचे टेकडीआड झालेले असायचे. चहाच्या दुकानात तो पोचायचा तेव्हा केकची बशी असायची, केक नसायचा. "अरे, तुझ्यासाठी ठेवणारच होतो!" असं हेक्टर तोंडातला घास न गिळताच म्हणायचा.

हेक्टर ब्रॅम्ली म्हणजे मंडळाचा पुढारी. घरं विकायच्या धंद्यात हयात गेल्यामुळं तो भिंतीतल्या ओलीलाही गारवा म्हणायचा. त्याच्या हँडलला एक जुनी पितळी घंटी होती. मंडळ काढणाऱ्या अँब्रोज म्हाताऱ्यानं मरताना ती मागं ठेवली होती, आणि सोबत एक चालही. दर मे महिन्यात ओल्ड मॉली नावाची टेकडी चढायची. पायथ्यापासून माथ्यावरच्या, जमीन मोजणीसाठी उभारलेल्या दगडी खांबापर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. वाटेतली फाटकंसुद्धा सीटवरूनच उघडायची. घोडेस्वारांना खाली उतरावं लागू नये म्हणून त्यांच्या कड्यांना उंच दांडे असतातच. पाय न टेकता जो पहिला खांबाला हात लावेल, त्याला घंटी. ज्याची घंटी, त्याची वर्षभर सत्ता. कुठल्या वाटेनं जायचं ते तो सांगणार, चहाला कुठं थांबायचं ते तो सांगणार, आणि वाट फुटली की त्यानं बोट दाखवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. हेक्टरनं ही घंटी इतकी वर्षं मिरवली होती, की ती त्याला आंदणच मिळाली असावी असं वाटायचं.

लायनेलला ती घंटी हवी होती. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण हवी होती, लहान पोराला हवी असते तशी. आणि यंदा हवी होती, कारण पुढच्या वर्षी ती मिळणं शक्यच नव्हतं. त्याचा उजवा गुडघा झिजला होता. हिवाळ्याच्या तोंडावर तो बदलायचा ठरला होता. "मग सायकल चालवा की खुशाल," डॉक्टर म्हणाला होता, "सपाट रस्त्यावर. टेकड्या मात्र विसरा." दुसऱ्यांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगण्यात लायनेलचा जन्म गेला होता, त्यामुळं समोरचा माणूस गोड बोलून काय काढून घेतोय हे त्याला लगेच कळलं.

म्हणून सगळा वसंत ऋतू तो एकटाच मॉली चढत होता, आणि पडत होता. ओला खडू साबणासारखा. पांढराफटक होऊन तो घरी यायचा आणि त्याची बायको ग्लेनिस त्याला अंगणातच झाडूनं झाडायची. पण मेच्या सुरुवातीला तो एकदाचा वरपर्यंत पोचला. आणि त्याला एक गोष्ट समजली, जी मंडळात कुणालाच ठाऊक नव्हती. माथ्याच्या अलीकडं, जिथं नुसती मोकळी वाट होती, तिथं शेतकऱ्यानं नवं फाटक बसवलं होतं. ते ढकलून उघडत नव्हतं, ओढून उघडत होतं; आणि नुसतं ओढूनही नाही, दांडा आधी उचलायचा, मग ओढायचं. लायनेलनं हे कुणाला सांगितलं नाही. उभ्या आयुष्यात त्यानं केलेली ही पहिली लबाडी, त्यामुळं त्याला नीट झोप येईना.

त्या मंगळवारी सकाळी ग्लेनिसनं त्याच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या.

"आज वाटेत कुणासाठीही थांबायचं नाही," ती म्हणाली. "बोल."

"नाही थांबणार."

"एवढ्या लोकांचे दात उपटलेस, पण कुणाला 'नाही' म्हणायला स्वतःचं तोंड कधी उघडलं नाहीस. भीड भिकेची बहीण असते, लायनेल."

"म्हटलं ना, नाही थांबणार."

"आणि मीच वाटेत उभी राहिले तर?"

"आता तू म्हटल्यावर..."

"बघ!" ग्लेनिस कपाळाला हात लावत म्हणाली. "झालं तुझं!"

पायथ्याशी चौघं जमले. लायनेल, हेक्टर, गावचा बेकरीवाला नॉरिस, आणि शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली प्रूडन्स. प्रूडन्सकडं पंचाचं काम होतं. तिनं चौघांचेही बुटांचे तळवे ओल्या फडक्यानं पुसले. माथ्यावर ती ते पुन्हा बघणार. खडूच्या मातीवर अंगठ्याचं टोक जरी टेकलं तरी तळवा पांढरा होतो, आणि त्यापुढं कुणाचं वकीलपत्र चालत नाही.

"तुझे कशाला पुसायचे, लायनेल?" हेक्टर म्हणाला. "तुझे पहिल्या वळणावर रंगणारच आहेत. वेळ वाचव तिचा."

"गेल्या वर्षी दुसऱ्या वळणावर रंगले होते," नॉरिसनं लायनेलची बाजू घेतली. नॉरिसनं घेतलेली बाजू ही अशीच असायची.

मागच्या वर्षी जो शेवटी, त्यानं आधी निघायचं. लायनेल निघाला. मागोमाग नॉरिस, मग प्रूडन्स, आणि सगळ्यांत शेवटी, घंटी वाजवत, हेक्टर.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागं धप्पकन आवाज झाला आणि नॉरिसची शिवी ऐकू आली. मग प्रूडन्सचा आवाज आला, "अरे मेल्या, माझ्याच पुढं आडवा पडायचं होतं का तुला?" म्हणजे एका दगडात दोन पक्षी गेले. उरला हेक्टर. त्याची घंटी खालून ऐकू येत होती, पण ती जवळ येत नव्हती. लायनेलचा गुडघा कुरकुरत होता, वर कुठंतरी चंडोल गात होता, आणि लायनेल त्या दोघांकडंही लक्ष न देता पॅडल मारत होता. मधलं फाटक आलं. त्यानं दांडा दाबला, खांद्यानं फाटक ढकललं आणि पाय न टेकता आत गेला. फाटकं हा तर त्याचा प्रांत! आता ते सोडायचं की स्प्रिंगच्या जोरावर ते आपोआप मिटणार, आणि पुढं मोकळी टेकडी. आयुष्यात पहिल्यांदा लायनेल टॅपसेल सगळ्यांच्या पुढं होता.

तेवढ्यात वरून माणसं आली.

पलीकडच्या गावातल्या पायी फिरणाऱ्यांचं मंडळ होतं ते. दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर पिशव्या, आणि सगळे या फाटकाकडं येत होते. पहिली बाई अगदी जवळ आली होती. हातात उघडं फाटक असताना समोरून येणाऱ्या बाईच्या तोंडावर ते सोडून देणारा माणूस विंटरडीनमध्ये अजून जन्माला यायचा आहे. लायनेलनं फाटक कुंपणाला टेकवलं, स्वतःला फाटकाला टेकवलं, दोन्ही पाय पॅडलवरच ठेवले आणि म्हणाला, "या, या."

"धन्यवाद हं," पहिली बाई म्हणाली.

"धन्यवाद," तिचा नवरा म्हणाला. "छान उघडलंय आज."

"हो, फाटक तसं..."

"आभाळ म्हणतोय मी."

एकेक जण येत होता. प्रत्येक जण धन्यवाद देत होता, आणि नुसतं धन्यवाद देऊन पुढं जाणं बरं दिसत नाही म्हणून वर काहीतरी बोलतही होता. एकानं वाऱ्याबद्दल तक्रार केली. एकानं सायकल केवढी सुंदर आहे असं सांगून तिच्या चाकाला काठी टेकवून नाक शिंकरलं. एका कुत्र्यानं त्याच चाकापाशी मागचा पाय उचलला, आणि मालकीण म्हणाली, "तुम्ही त्याला फार आवडलेले दिसता." लायनेलचा उजवा गुडघा आता थरथरायला लागला होता. खालून घंटी वाजली. आता ती जवळ होती.

"अगंबाई, डॉक्टर! तुम्ही इथं?" एक म्हातारी थेट समोर येऊन उभी राहिली. मिसेस क्रॅडॉक. तिच्या दोन दाढा लायनेलनं बसवल्या होत्या. "बरे सापडलात. इथं जरा बघता का?" आणि तिनं फाटकाएवढा आ केला.

लायनेलनं मान वाकडी करून आत बघितलं. तिला 'नाही' कसं म्हणणार? "वरची उत्तम आहे," तो दात आवळून म्हणाला. "खालच्या अंगाला मात्र रोज दोरा फिरवत जा."

"आँ आँ," मिसेस क्रॅडॉक म्हणाली.

तिच्या उघड्या तोंडाच्या आणि लायनेलच्या नाकाच्या मधून जेमतेम जागा काढत हेक्टरची सायकल सुर्रकन वर गेली. "धन्यवाद, लायनेल!" हेक्टर मान न वळवता ओरडला आणि वर घंटी वाजवली.

लायनेलला त्या क्षणी खरंच रडू आलं. वाऱ्यामुळं डोळ्यांत पाणी आलं असं तो पुढं सांगायचा, पण वारा पाठीमागून होता. सगळा वसंत पडून-झडून काढला, तो काय शेवटी हेक्टरला फाटक धरण्यासाठी? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडं?

शेवटचा काठीवाला खाली गेला. लायनेल फाटक सोडणार, तोच वरून टापा ऐकू आल्या. फिलिपा व्हेरल आणि तिचा करडा घोडा, बिशप. फिलिपाबाईंना दोन पायांवर चालणारं फारसं आवडायचं नाही आणि दोन चाकांवर चालणारं मुळीच नाही. ग्रामसभेत सायकलवाल्यांविरुद्ध बोलायला त्या कधीही उठायच्या, विषय गटारांचा असला तरी.

लायनेलनं डोळे मिटले, फाटक पुन्हा कुंपणाला टेकवलं आणि म्हणाला, "या, बाई. सावकाश येऊ द्या त्याला."

बिशप थांबला. फिलिपाबाईही चाट पडल्या. "तुम्ही माझ्यासाठी धरलंय हे?"

"हो."

"तुमचा तो घंटीवाला आताच बिशपच्या नाकासमोरून गाढवासारखा गेला. म्हटलं, सगळे एकाच माळेचे मणी." त्यांनी त्याच्या पायाकडं बघितलं. "किती थरथरताय! अहो, पाय टेका की खाली!"

"टेकता येत नाही, बाई. आज टेकायचा नाही."

"नवस आहे का काही?"

"तसंच समजा."

बाई घोडा आत घालून पुढं गेल्या, पण मागं वळून म्हणाल्या, "मिस्टर टॅपसेल, तुमच्याबद्दल मी ग्रामसभेत जे बोलले त्यातलं निम्मं मागं घेते." मग जरा विचार करून त्यांनी दुरुस्ती केली, "पावभर."

लायनेलनं फाटक सोडलं. ते मिटलं. कडी बसली की नाही हे त्यानं सीटवरूनच हात मागं नेऊन हलवून बघितलं, कारण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि तो वर निघाला. आता कशासाठी चढायचं हे त्याला कळत नव्हतं. हेक्टर एव्हाना खांबाला टेकून बिस्किटं खात असणार. पण या गुडघ्यानं ही टेकडी पुन्हा चढायची नव्हती, तर निदान शेवटची तरी पुरी चढावी, एवढंच त्याच्या मनात होतं. चढ संपत आला तशी त्यानं मान वर केली.

हेक्टर नव्या फाटकाशी होता. फाटकाच्या खांबाला खांदा लावून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून, लालबुंद तोंडानं तो फाटक ढकलत होता. फाटक ढिम्म हलत नव्हतं. पलीकडं, हाकेच्या अंतरावर, माथ्यावरचा दगडी खांब उन्हात चमकत होता. आजूबाजूचा खडू चाकांनी उखणला होता. बराच वेळ इथं गोल गोल फिरणं चाललं होतं असं दिसत होतं.

"हे कुठल्या गाढवानं बसवलं?" हेक्टर म्हणाला. "उघडतच नाही!"

लायनेलचा जीव पुन्हा अंगात आला. "जरा सरक," तो म्हणाला. त्यानं घोडेस्वार आणतो तशी सायकल फाटकाला आडवी आणली, डाव्या हातानं फाटकाचा खांब धरला, उजव्या हातानं दांडा उचलला आणि मग ओढला. फाटक लोण्यासारखं उघडलं. समोर वाट मोकळी. खांब समोर. फक्त जायचं होतं.

"तुला ठाऊक होतं हे?" हेक्टरनं विचारलं.

लायनेलचे कान लाल झाले. कितीतरी रात्री त्या फाटकानं त्याला झोपू दिलं नव्हतं. आणि हातात उघडं फाटक होतं, आणि शेजारी माणूस उभा होता. त्याच्या मनानं काही ठरवायच्या आधीच त्याचं तोंड बोलून गेलं.

"आधी तू."

हेक्टरला दोनदा सांगावं लागत नसे. "धन्यवाद, लायनेल!" म्हणत तो आत शिरला, खांबापाशी गेला, त्यावर थाप मारली आणि घंटी अशी वाजवली की खालच्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

लायनेल फाटकातून आत गेला. फाटक लावलं. कडी हलवून बघितली. मग खांबापाशी जाऊन त्याला मिठी मारली, कारण उतरायला गुडघा तयार नव्हता. ग्लेनिसला काय सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करू लागला. 'कुणासाठी थांबलास?' ती विचारणार. 'सगळ्यांसाठी,' असं सांगावं लागणार.

बऱ्याच वेळानं नॉरिस आणि प्रूडन्स सायकली ढकलत वर आले. प्रूडन्सनं घाम पुसला आणि शिट्टी फुंकली. निवृत्तीनंतरही ती शिट्टी गळ्यातून सुटली नव्हती.

"बूट दाखवा!"

"औपचारिकता," हेक्टर म्हणाला आणि उजवा तळवा वर केला. काळा कुळकुळीत.

"आता दुसरा."

हेक्टरनं वळून, सायकलच्या पलीकडून, ऐटीत पाय वर केला. तोही काळा कुळकुळीत.

"हेक्टर," प्रूडन्स म्हणाली, "तिसरीतली पोरं पण मला उजवाच पाय दोनदा दाखवायची. डावा."

हेक्टरनं डावा पाय हळूच उचलला. टाचेशी काळा, मध्ये काळा, आणि अंगठ्याखाली खडूचा एक गोल, पांढरा ठसा, टपालाच्या शिक्क्यासारखा ठळक.

"ते उडालंय," हेक्टर म्हणाला. "चाकावरून."

"चाकावरून उडून बुटाच्या तळव्याला लागलं?" नॉरिसनं विचारलं.

"वारा होता."

"हेक्टर!"

"अगं, एवढंसं टोक टेकलं! त्या भिकार फाटकापाशी. टोक म्हणजे काय पाय?"

प्रूडन्स लायनेलकडं वळली. तो अजून खांबाला मिठी मारून सीटवरच होता. "मी तसा दुसरा आलोय," तो ओशाळून म्हणाला. "कशाला बघतेस?" तिनं त्याचा एक पाय धरून उचलला, मग दुसरा. घोड्याचे नाल बघावेत तसे तिनं ते बारकाईनं बघितले. दोन्ही तळवे काळे. तिनं फडक्यानं पुसले होते तसेच.

"शक्यच नाही," हेक्टर म्हणाला. "एवढा वेळ उभा होता तो तिथं! अर्धा जिल्हा गेला त्या फाटकातून! मी बघितलं ना, कुणाच्या तरी दाढा तपासत होता!"

"पाय न टेकता?" प्रूडन्सनं विचारलं.

"त्यांचे हात मोकळे नव्हते," लायनेल म्हणाला. "सगळ्यांकडं काठ्या होत्या. फाटक कुणीतरी धरायला हवं होतं ना?"

नॉरिसनं खिशातून पाना काढला.

इतकी वर्षं हेक्टरच्या हँडलला बसून घंटीचा नट गंजला होता. ती निघता निघेना. शेवटी हेक्टरनंच पाना हिसकावून घेतला, दात-ओठ खात नट फिरवला आणि घंटी काढून लायनेलच्या हातात ठेवली. "घे बाबा," तो म्हणाला. "आता वाजव एकदा, की मी मोकळा होतो." लायनेलनं वाजवली. जवळून ती जरा घोगरीच वाटली, पण त्याला तिच्यापुढं चंडोलसुद्धा फिका वाटला.

उतरणीला नवा पुढारी सर्वांत पुढं निघाला. पहिलंच फाटक आलं. पुढाऱ्यानं दांडा उचलला, या बाजूनं ढकलला, फाटक धरलं आणि म्हणाला, "या." नॉरिस गेला, "धन्यवाद, लायनेल." प्रूडन्स गेली, "धन्यवाद, लायनेल." हेक्टर गेला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मग लायनेलनं फाटक लावलं, कडी हलवून बघितली आणि नेहमीप्रमाणं शेवटून निघाला. ते आपले पुढं गेलेच असणार, टेकडीआड, ही त्याला सवय होती. घाई कशाला करायची?

पण मधल्या फाटकाच्या अलीकडं, जिथं वाटेला दोन फाटे फुटतात, तिथं तिघंही थांबले होते. सायकली धरून, वाऱ्यात उभे होते, आणि त्याच्याकडं बघत होते.

"का थांबलात?" लायनेलनं काळजीनं विचारलं. "कुणाला लागलं का?"

"नाही," नॉरिस म्हणाला. "तू सांगितल्याशिवाय कुठं जायचं?"

लायनेलनं एका वाटेकडं बघितलं. ती सरळ चहाच्या दुकानात जात होती. दुसरी जंगलाच्या कडेनं, ओढ्यावरून, चर्चच्या मागून लांबचा वळसा घालत होती, आणि त्या वाटेवर फाटकंच फाटकं होती. गुडघा दुखत होता. पण समोर टेकड्या उन्हात पसरल्या होत्या. त्यानं घंटी वाजवली आणि लांबच्या वाटेकडं बोट केलं.

"मेलो," नॉरिस म्हणाला, पण वळला.

हेक्टर गुपचूप पुढं गेला. त्या वाटेवरच्या पहिल्या फाटकाशी तो उतरला, ते उघडलं आणि धरून उभा राहिला. नॉरिस गेला, प्रूडन्स गेली. लायनेल फाटकापाशी आला आणि अडखळला. धरलेल्या फाटकातून कसं जायचं असतं याचा त्याला सरावच नव्हता.

"जा की!" हेक्टर म्हणाला. "हात दुखतोय माझा."

लायनेल आत गेला. "धन्यवाद, हेक्टर," तो म्हणाला, आणि ते शब्द त्याला अतोनात गोड लागले. वाऱ्यावर सायकल सोडून तो उतारावरून निघाला. पुढं कुणी नव्हतं, आणि मागं बघायचं काही कारण नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर त्यानं ब्रेक दाबला आणि मागं बघितलं. हेक्टर अजून फाटकाशी झटत होता. कडी बसत नव्हती.

"उचल, हेक्टर!" लायनेल ओरडला. "आधी उचल, मग ओढ! आणि नंतर हलवून बघ!"